वेळेची वाटणी

'अवांतर वाचन' हा शब्दप्रयोग शाळेत वरचेवर कानी पडतो. अवांतर म्हणजे मुख्य नव्हे ते, बाजूचे, जादा. क्रमिक पुस्तकांचा अभ्यास तो मुख्य, आणि गोष्टी, कादंबऱ्या, चरित्रे, प्रवासवर्णने यांचे वाचन ते अवांतर, अशी एक सोयीची विभागणी आपण सर्वांनी करून ठेवली आहे. गंमत अशी की, ज्याला अवांतर म्हणावयाचे त्याचीच ओढ मनाला अधिक असते. भूगोलाच्या पुस्तकावर जे डोळे पेंगतात, तेच डोळे एखादी साहसकथा हाती पडली की मध्यरात्रीपर्यंत टक्क उघडे राहतात.

माध्यमिक शाळेत पाऊल टाकले म्हणजे ही ओढाताण विशेष जाणवू लागते. विषय वाढतात, परीक्षा जवळ आल्यासारख्या वाटू लागतात. मैदान बोलावीत असते, घरची कामे हाक मारीत असतात, आणि दिवस मात्र पूर्वीइतकाच, चोवीस तासांचा राहतो. वडील माणसे म्हणतात, "पुरे झाली ही गोष्टींची पुस्तके!" मुले म्हणतात, "वाचावयास वेळच कोठे आहे?" या दोन्ही वाक्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, वाचन आणि इतर कामे ही एकमेकांची वैरी आहेत; एकाला जवळ करावयाचे तर दुसऱ्याला दूर लोटले पाहिजे. मला तसे वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगावयाचे तर मला माझ्या गावाच्या पाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातील लाखांदूरजवळचे. हा भाग झाडीपट्टीचा. चुलबंद नदी या तालुक्यातून वाहत जाऊन वैनगंगेस मिळते. दोन्ही नद्यांच्या अंगाने धानाची शेते पसरलेली आहेत. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते उगीच नव्हे. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून ठिकठिकाणी मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचे पाणी अडविले. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५१ साली मालगुजारी गेली. नाव मात्र अजून टिकून आहे.

धानाचे पीक पाण्यावर जगते, परंतु त्याला पाणी वेळेवर आणि बेताचे लागते. शेतांचे लहान लहान चौकोन पाडलेले असतात. त्यांना आमच्याकडे बांध्या म्हणतात, आणि त्यांच्या भोवतालच्या बांधास धुरा. तलावाचे पाणी प्रथम वरच्या बांधीत येते. ती पुरेशी भरली की धुऱ्याला वाट करून पाणी खालच्या बांधीत सोडावयाचे. ती भरली की तिच्या खालच्या बांधीत. अशा रीतीने पाणी उतरत उतरत शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते. वरच्याने धुरा उघडलाच नाही, तर खालच्याचे धान वाळते. आणि नको तितके पाणी साचून राहिले, तर वरच्याचेही धान बिघडते. गावात पुष्कळ भांडणे होत ती या धुऱ्यांपायी, आणि पुष्कळ शहाणपणही लोक येथेच शिकत.

आमच्या आजोबांना आम्ही आबाजी म्हणत असू. तलावाचे पाणी सुटले म्हणजे ते खांद्यावर फावडे टाकून शेताकडे जात आणि कोणाच्या बांधीत किती पाणी चढले ते पाहून येत. त्यांना अक्षरओळख बेताचीच होती. परंतु पाण्याची वाटणी त्यांना अचूक कळत असे.

मी सहावीत होतो, त्या वर्षीची गोष्ट. माझी बहीण आठवीत आणि दादा दहावीत होता. दोघे लाखांदूरच्या शाळेत पायी जात. शाळेत पुस्तकांचे एक कपाट होते. पुस्तके थोडी आणि वाचणारे फार, म्हणून दर शनिवारी एका घरास एकच पुस्तक, आठ दिवसांच्या बोलीने मिळे. ते पुस्तक घरी आले की दादाचे होई. तो जेवताना वाची, अंगणात वाची, बैल चारावयास नेई तेव्हा तलावाच्या पाळीवर बसून वाची. ताईच्या हाती ते येई शुक्रवारी रात्री. भांडी घासून, चूल सारवून झाल्यावर. कंदिलाच्या उजेडात जेवढी पाने उलटतील तेवढी तिची. शनिवारी सकाळी पुस्तक परत जाई. त्या वर्षी तिने किती कथा अर्ध्यावर सोडल्या असतील, याची गणती नाही.

सहामाही परीक्षा झाली आणि दादाचे गणिताचे गुण फार खाली आले. त्याच आठवड्यात, तो पाळीवर वाचनात गुंग असता आमचे बैल शेजारच्या धानात शिरले. बाबांचा संताप अनावर झाला. ते म्हणाले, "आजपासून या घरात शाळेच्या पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक येता कामा नये." दादा मान खाली घालून उभा राहिला. ताई चुलीपाशी भाकरी थापीत होती. तिचे हात क्षणभर थांबले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती आबाजींजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आबाजी, दादाने जास्त वाचलं म्हणून पुस्तक बंद झालं. पण मी तर अजून पुरतं वाचलंच नाही. माझं काहून बंद?"

आबाजींनी तेव्हा उत्तर दिले नाही. त्या वर्षी परतीचा पाऊस आला नव्हता. धान लोंबीवर आलेले, आणि तलावातील पाणी मोजून-मापून वाटले जात होते. संध्याकाळी ते शेतावरून आले, हातपाय धुतले आणि पानावर बसता बसता बाबांना म्हणाले, "काहून गा बाबू, एका बांधीत पाणी जास्त साचलं म्हणून कोणी तलाव फोडते का? पोराच्या बांधीत पाणी साचून धान कुजून राहिलं, अन् बाईची बांधी कोरडी पडली. धुरा उघड ना! पाणी खाली जाऊ दे."

बाबा पुष्कळ वेळ गप्प होते. मग त्यांनी पुढच्या परीक्षेपर्यंत पुस्तके येऊ देण्याचे कबूल केले. परंतु दिवसाची वाटणी आबाजींनी करून द्यावी, असे सांगितले. आबाजींनी ती एका बैठकीत करून दिली. शाळेतून आल्यावर दिवस मावळेपर्यंतचा एक तास ताईचा. त्या तासात विहिरीचे पाणी दादाने भरावयाचे, बैल त्यानेच बांधावयाचे आणि जळण मी आत आणावयाचे. ताईने अंगणातील उजेडात पुस्तक घेऊन बसावयाचे. रात्री जेवणानंतर कंदिलाभोवती सर्वांचा अभ्यास. दादाचे गणित सर्वांत आधी. अभ्यास संपला की झोपण्यापूर्वीचा अर्धा तास दादाचा. आणि रविवारी दुपारी ताईने मोठ्याने वाचावयाचे व सर्वांनी ऐकावयाचे.

पहिल्या आठवड्यात दादाला हे जड गेले. अर्धा तास संपला तरी त्याच्या हातून पुस्तक सुटत नसे. परंतु लवकरच एक निराळी गोष्ट घडू लागली. पाण्याच्या खेपा घालताना, बैलांमागून चालताना तो वाचलेल्या भागाचा विचार करू लागला. पुढे काय होईल, अमुक माणूस असा का वागला, हे तो ताईला विचारी. ती पुढे वाचून गेलेली असे, पण सांगत नसे! पूर्वी तो तीन तासांत जे घाईने गिळीत असे, त्याचा स्वाद आता त्याला अर्ध्या तासात मिळू लागला. हात कामात असले तरी मन रवंथ करू शकते, हे त्याला त्या खेपांनी शिकविले.

खरे नवल घडले ते रविवारच्या दुपारी. आईला वाचता येत नव्हते. ती तांदूळ निवडीत बसे आणि ऐके. प्रथम ती काहीच बोलत नसे. पुढे तिचा हात मध्येच थांबू लागला. गोष्टीतील एखाद्या माणसाविषयी ती एकच वाक्य बोलून जाई आणि ते आम्हां सर्वांच्या मतांहून नेमके असे. कधी ती शेतावर अडकली, तर ताईला बजावून जाई, "मी येईपर्यंत पुढं वाचू नको." शाळेच्या कपाटातून निघालेले पाणी सर्वांत खालच्या बांधीपर्यंत पोहोचले होते.

वार्षिक परीक्षेत दादा काही गणितात पहिला आला नाही. परंतु चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला, आणि पुस्तके येत राहिली.

ही वाटणी बारा महिने सारखी मात्र नसे. पाण्याप्रमाणे वेळेलाही ऋतू पाहावा लागतो. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली म्हणजे सारे गाव चिखलात उतरे. पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधावयाच्या आणि वाकून वाकून ती रोपे बांधीत लावावयाची. त्या दिवसांत सुट्टीच्या दिवशीही पुस्तक मिटलेलेच राही आणि त्याचे कोणाला दुःख नसे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरे. वैनगंगेपलीकडील वडसा हे झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. तेथील मंडळ्या गावात येत आणि रात्रभर नाटके चालत. तेव्हा कोणती दोन नाटके पाहावयाची हे आम्ही आधीच ठरवीत असू, कारण प्रत्येक रात्र जागून काढली तर दुसऱ्या दिवशी वर्गात झोप ठरलेली! परीक्षेच्या महिन्यात जाड कादंबरीला सुट्टी, आणि उन्हाळ्यात, शेतकामाला उसंत मिळे तेव्हा, तिचेच राज्य. यावरून मला असे दिसते की, तोल राखणे म्हणजे रोज प्रत्येक गोष्टीला सारखा वेळ देणे नव्हे. ज्या वेळी जे निकडीचे, त्याला त्या वेळी अधिक देणे आणि बाकीच्यांचा वाटा पुढे आठवणीने चुकता करणे, हा खरा तोल होय.

थोरांची चरित्रे वाचू लागलो तेव्हा मला आबाजींचे म्हणणे त्यांतूनही भेटले. लोकमान्य टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकावयास गेले, तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. महाविद्यालयातील पहिले वर्ष त्यांनी मुख्यतः शरीर कमावण्यात घालविले. तालीम केली, पोहण्याचा व्यायाम केला. पुस्तकांच्या या भक्ताने पुस्तके काही काळ बाजूस ठेविली. पुढे १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेथील कष्टांत ते तगले आणि 'गीतारहस्य' हा ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला. तो १९१५ साली प्रसिद्ध झाला. तालमीत घालविलेले ते वर्ष वाचनाच्या आणि लेखनाच्या खात्यावरही जमा झाले होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन तर याहून अधिक काही सांगते. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत त्यांचे सारे कुटुंब राहत असे. निवांत जागा नाही, निवांत वेळ नाही. वडील रामजी सुभेदार त्यांना लवकर झोपावयास सांगत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासासाठी उठवून त्या जागेवर आपण आडवे होत. मुलाला शाळेबाहेरच्या पुस्तकांचे विलक्षण वेड होते. जवळ पैसे नसले म्हणजे वडील आपल्या विवाहित मुलींकडे जात. मुलींकडेही पैसे नसले तर त्या अंगावरचा दागिना काढून देत, तो गहाण ठेवून पुस्तक येई, आणि निवृत्तिवेतन मिळाले की दागिना सोडवून परत केला जाई. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या यशामागे वडिलांची झोप होती आणि बहिणींचे दागिने होते. पुढे त्यांनी आपली विद्या स्वतःपाशी साचवून ठेविली नाही, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे.

आणि ज्यांच्या वाट्याला पाणी येऊच द्यावयाचे नाही असा घराचा नियम होता, त्यांचे काय? रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना स्वतः शिकविण्यास आरंभ केला. दिवसा घरकाम आणि रात्री अभ्यास, असा त्यांचा क्रम असे. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचत नसे. त्यांची बोलणी रमाबाईंना खावी लागत. त्यांनी कामही टाकले नाही आणि पुस्तकही टाकले नाही. १९१० साली त्यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जिला एके काळी अक्षर ओळखता येत नव्हते, तिने लिहिलेले हे पुस्तक मराठीत आजही आदराने वाचले जाते. पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारे त्यांनी इतर स्त्रियांच्या शिक्षणाचे कार्य केले. ज्या बांधीपर्यंत पाणी मोठ्या कष्टाने आले, तिनेच आपला धुरा इतरांसाठी सर्वांत आधी उघडला!

तेव्हा बालमित्रांनो, वाचनाला वेळ कसा मिळेल, असा प्रश्न तुमच्या मनात येईल तेव्हा त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा. मी निवांत वाचीत बसतो, तेव्हा माझ्या वाट्याचे काम कोण करीत असते? आपला मोकळा वेळ आकाशातून पडत नाही. कोणी तरी पाणी भरते, कोणी तरी स्वयंपाक करते, कोणी तरी उन्हात राबते, म्हणून आपल्या हाती पुस्तक येते. हे ज्याला कळले, तो पुस्तकावर अधिक प्रेम करील. वेळ वाया घालविणार नाही, आणि आपला तास संपला की आनंदाने उठून दुसऱ्याचा तास मोकळा करून देईल. अशा मुलाला 'पुस्तक ठेव आणि कामाला लाग' असे सांगावे लागत नाही.

आज घराघरांत वीज आली आहे. भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर चित्रे आणि खेळ अखंड वाहत असतात. ते पाणी तर कोणत्याही तलावाहून मोठे. त्याला पाळ नाही, धुरा नाही. म्हणून आजच्या विद्यार्थ्याला वाटणीची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. रोज अर्धा तास का होईना, पण तो पुस्तकाचा, हे ठरवून टाकावे. खेळाचा वेळ खेळाला द्यावा. मैदानावर उभे राहून कादंबरीचा विचार करणारा गडी चेंडू हातातून सोडतो. अभ्यासाच्या वहीखाली गोष्टीचे पुस्तक लपवू नये. चोरून वाचलेल्या पानात अर्धे लक्ष दाराकडे असते.

महाराष्ट्रात २०१५ सालापासून १५ ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. तो डॉक्टर ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. लहानपणी रामेश्वरम येथे वृत्तपत्रे वाटण्याच्या कामी हातभार लावून ते शाळा शिकले. त्या दिवशी शाळाशाळांतून मुले पुस्तके घेऊन बसतात. लाखांदूरच्या बाजूला याच सुमारास हलक्या धानाची कापणी सुरू झालेली असते आणि पुष्कळ मुलांचे आईबाप पहाटेपासून शेतात असतात. त्या दिवशी शाळेत जे वाचाल, ते संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना वाचून दाखवा. दिवसभर वाकून थकलेली माणसे भिंतीला पाठ टेकून ऐकू लागतील. त्यांच्यापैकी कोणी 'पुढे काय झाले?' असे विचारले, तर तुमची वाटणी बरोबर झाली असे खुशाल समजा.